ठिपके छापणारं यंत्र

दुकानात शिरून बॅग काउंटरवर ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “इंजिनियर साहब कब आएंगे?” मी म्हणायचे, आलेत. मग समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघायचा. राजवाड्यामागच्या कापडबाजारात हे इतक्यांदा झालं की पुढे मी उत्तर देणंच सोडलं. सरळ प्रिंटरचं झाकण उघडायचे. झाकण उघडणाऱ्या माणसाला कोणी फार प्रश्न विचारत नाही.

माझे पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात कारकून होते, आजोबाही कारकूनच, वडील शाळामास्तर. कागद काळे करणं आमच्या घरात पिढीजात. मी कागद काळे करणारी यंत्रं दुरुस्त करायला लागले तेव्हा आई म्हणाली, चला, निदान धंदा बदलला नाही. रामबागेतल्या घरातून सकाळी स्कूटीवर निघायचं, पुढच्या जाळीत केबलींचं भेंडोळं, मागे टूलबॅग, आणि दिवसभर इंदूरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत “प्रिंटर चालत नाही” हे एकच वाक्य ऐकत फिरायचं. आता गुडघ्यांनी नाही म्हटल्यामुळे ते फिरणं थांबलंय. वाक्य मात्र अजून फोनवर ऐकू येतं.

“प्रिंटर चालत नाही” हे डॉक्टरला “बरं वाटत नाही” सांगण्यासारखं आहे. त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर छापायची खूण दाबता तेव्हापासून कागद बाहेर येईपर्यंत कामाचे तीन-चार हात बदलतात. केबलीच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र आहे हे आधी कॉम्प्युटरला कळावं लागतं. मग त्या यंत्राच्या नावाने एक रांग असते, त्यात तुमचं काम उभं राहतं. मग ते काम त्या यंत्राला समजेल अशा भाषेत बदलावं लागतं, कारण प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी. आणि शेवटी ते केबलीतून पलीकडे पोचावं लागतं. यातला कोणताही हात सुटला तरी गिऱ्हाईक एकच सांगणार, चालत नाही.

माझी खासियत होती लिनक्स. कॉम्प्युटर चालवणारी ही प्रणाली फुकट मिळते, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली आहे. पण प्रिंटरच्या खोक्यातून तो चालवणाऱ्या प्रोग्रामची जी तबकडी यायची ती सहसा लिनक्ससाठी नसायची. म्हणून आमच्या धंद्यातली बरीच मंडळी लिनक्सचं नाव ऐकलं की “रॉंग नंबर” म्हणायची आणि गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं. मला ते आवडायचं. लिनक्स काही लपवत नाही. आत काय घडलं ते ओळीओळीने सांगतं, फक्त वाचायचा कंटाळा करून चालत नाही.

एका साडीवाल्या भियांच्या, म्हणजे इंदुरी बोलीत भैयांच्या, दुकानात कधीतरी कागद अडकला होता. कागद अडकला की लिनक्स रांग थांबवतं, आणि नंतर कागद काढला तरी रांग आपणहून सुरू होत नाही. भियांना हे ठाऊक नव्हतं. ते रोज येऊन एकाच गिऱ्हाइकाच्या बिलासाठी बटण दाबत राहिले. मी रांग सुरू केली आणि तेच बिल एकामागून एक बाहेर पडायला लागलं, थांबेचना. इतके दिवस “चला दो मैडमजी” म्हणणारे भिया “अब रोक दो” म्हणायला लागले. एका वकिलांचा प्रिंटर रोज जेवणानंतर मरायचा. वीज वाचवायला कॉम्प्युटर रिकाम्या यंत्राला झोपवत होता आणि ते यंत्र पुन्हा उठत नव्हतं. मी कारण सांगितलं तर वकीलसाहेब म्हणाले, दुपारी माझंही तसंच होतं.

अशा गोष्टी सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. पण संपादकांनी “एक लक्षात राहिलेलं काम” मागितलं तेव्हा मला विचार करावा लागला नाही.

धार रोडवर, बेटम्याच्या अलीकडे, अंध मुलींची एक निवासी शाळा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे रेवती नावाची शिक्षिका गणित आणि कॉम्प्युटर शिकवायची. रेवती देवासच्या मराठी घरातली, जन्मापासून अंध, चाळिशीच्या आसपासची, बोलायला चुरुचुरु. शाळेचा कॉम्प्युटर लिनक्सवर होता, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज त्यात फुकट मिळतो. त्याला एक ब्रेल छापणारा प्रिंटर जोडलेला होता. कुणीतरी वापरलेला दान दिला होता आणि वर्षापूर्वी मीच तो लावून दिला होता.

हा प्रिंटर बाजाच्या पेटीच्या दुप्पट आकाराचा. त्यात शाई नसते. जाड कागदावर आतल्या छोट्या हातोड्या ठिपके उठवत जातात आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवून वाचायचं. छापताना एवढा खडखडाट होतो की शेजारच्या खोलीतला वर्ग थांबवावा लागायचा. मुली तक्रार करायच्या नाहीत. तो आवाज म्हणजे नवा धडा आला, हे त्यांना कळायचं.

एका शुक्रवारी सकाळी रेवतीचा फोन आला. जुना कॉम्प्युटर जळला होता, एका देणगीदाराने नवा दिला होता, त्यावर नवीन लिनक्स चढवून झालं होतं. सगळं चालत होतं, फक्त ब्रेलचा प्रिंटर छापत नव्हता. सोमवारी नववीचा गणिताचा पेपर होता.

मी म्हटलं, येते.

तिथे गेल्यावर कळलं की प्रश्न एका पेपरचा नव्हता. त्या शाळेत दहावीला मुलींना गणित देत नसत. त्याऐवजी संगीत किंवा गृहविज्ञान. शाळेचे सचिव मंडलोईजी, सत्तरीचे, शेतीवाडीवाले, शाळेसाठी जीव टाकणारे गृहस्थ. त्यांच्याकडे कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन मुलींना गणित घेऊ दिलं, दोघी नापास झाल्या, बापांनी त्यांना घरी नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. मंडलोईजी ते विसरले नव्हते. रेवती त्यांच्याशी दोन वर्षं भांडत होती. शेवटी ठरलं की नववीच्या मुली गणिताचा पेपर देतील आणि ज्या चांगल्या पास होतील त्यांना दहावीला गणित मिळेल. रेवतीने एक अट घातली, पेपर मुली स्वतःच्या हातांनी वाचतील. त्याआधी परीक्षेत कोणीतरी शेजारी बसून प्रश्न वाचून दाखवायचं.

मी केबली सोडवत असताना दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कविता, बेटम्याची, उंच, दोन वेण्या. “मशीन चालू हुई?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. ती तिथेच राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की कोणी वाचून दाखवलं तर काय बिघडतं.

तिने थोडा विचार केला. “कोई पढ़के सुनाता है तो सवाल चला जाता है, मैडम. फिर से पूछो तो वो लोग साँस छोड़ते हैं. इसलिए मैं दुबारा नहीं पूछती.”

मी पुन्हा केबलींकडे वळले.

लिनक्सला विचारलं की केबलीला काय काय जोडलंय. या प्रिंटरच्या पोटात एक छोटी चिप असते, ती यूएसबीचं बोलणं प्रिंटरच्या जुन्या बोलीत बदलते. केबल लावली की ती चिप पडद्यावर दिसायची आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीशी व्हायची. जोडलं, तुटलं. पुन्हा लावली, जोडलं, तुटलं. असं दिसलं की माझ्या धंद्यातला कोणीही एकच म्हणेल, केबल सैल आहे. मी केबल बदलली. तेच. दुसऱ्या भोकात लावली. तेच. मग प्रिंटर उघडला. आतलं सॉकेट हललेलं दिसलं, मला वाटलं सापडलं. डाग देऊन पक्कं केलं, बंद केलं, लावलं. तेच.

दुपारी मंडलोईजी येऊन खुर्चीवर बसले. बराच वेळ बघत होते. मग अगदी नीट समजावून म्हणाले की मैडमजी, मशीन पुरानी है, आपका दोष नहीं, इस बार पढ़के सुना देंगे, गणित का अगले साल देखेंगे. रेवती म्हणाली की पुढच्या वर्षी या मुली दहावीत असतील आणि संगीत घेऊन बसलेल्या असतील. ते म्हणाले की मग तू हाताने एक प्रत काढ, त्या हुशार कविताला दे.

तसं करता आलं असतं. ब्रेल हाताने टोचून लिहिता येतं, रेवतीने अडचणीला म्हणून एक प्रत सुरूही केली होती. पण डझनभर मुली, प्रत्येकीला गणिताची कितीतरी पानं, एवढं हाताने होणं शक्य नव्हतं. रेवती मंडलोईजींना म्हणाली, “एक को दूँ तो बाकी क्या करें, सर? वो फिर सुनने बैठें?”

मंडलोईजी उठले. सोमवारी सकाळपर्यंत बघू, म्हणाले. संध्याकाळी वसतिगृहाचं फाटक बंद होतं, मला निघावं लागलं. धार रोडवरून स्कूटी हाकताना माझं डोकं एकाच जागी अडकलं होतं. केबल चांगली, सॉकेट चांगलं, चिप दिसतेय, तरी तुटतंय. म्हणजे ती तुटत नसेल. कोणीतरी ती सोडवत असेल.

शनिवारी सकाळी जाऊन मी प्रिंटरला हातच लावला नाही. कॉम्प्युटर आत काय काय घडलं ते सांगतो त्या ओळी उघडल्या आणि शेवटून न वाचता सुरुवातीपासून सावकाश वाचायला लागले. चिप आली. तिला नाव दिलं. आणि त्याच्या लगेच खालची ओळ मी आदल्या दिवशी घाईत ओलांडली होती. दुसऱ्याच एका प्रोग्रामने ती चिप ताब्यात घेतली होती. तो ताब्यात घेत होता म्हणून छापणाऱ्या बाजूला ती तुटल्यासारखी दिसत होती.

तो प्रोग्राम कोणता हे बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. आंधळ्या माणसांसाठी एक ब्रेलची पट्टी मिळते, कीबोर्डच्या पुढ्यात ठेवायची. पडद्यावरची एक ओळ त्या पट्टीवर बारीक टाचण्यांनी वर येते, ती बोटांनी वाचली की पुढची ओळ येते. ती पट्टी चालवणारा हा प्रोग्राम. नव्या लिनक्समध्ये तो आपोआप चालू असतो. कोणतीही ओळखीची चिप जोडली गेली की त्याला वाटतं ब्रेलची पट्टी आली, आणि तो धावत जाऊन ती पकडतो. आमच्या प्रिंटरच्या पोटातली चिप त्याच जातीची. आंधळ्यांच्या मदतीला ठेवलेला गडी आंधळ्यांच्या शाळेतला प्रिंटर अडवून बसला होता, तेही अगदी प्रामाणिकपणे.

इंटरनेटवर शोधलं तर हीच तक्रार जगभरातून आलेली. उत्तरही सगळीकडे एकच, हा प्रोग्राम काढून टाका, तुम्हाला तो लागत नाही. एका ओळीचा हुकूम. मी टाइप केला. बटण दाबण्याआधी शेजारी बघितलं. रेवती बसली होती, तिच्या पुढ्यात तीच पट्टी आणि बोटं पट्टीवर.

“रेवती, ही पट्टी तुला किती लागते?”

“आवाज सगळं वाचतो, ताई, पण गणितात तो कंस गिळतो. अपूर्णांक कुठे संपला कळत नाही. पेपर मी याच्यावर तपासते.” मग तिने विचारलं, “का? ही काढायची आहे का?”

मी म्हटलं, सगळं जग तेच सांगतंय.

तिने पट्टी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाली की पट्टी गेली तर पेपर तपासता येणार नाही आणि प्रिंटर नसेल तर पेपर देता येणार नाही. “दोन्ही पाहिजेत, ताई. एक निवडायला लावू नका.”

मी टाइप केलेला हुकूम अक्षर अक्षर करून पुसला.

लिनक्समध्ये नियम लिहिता येतात. अमुक चिप आली तर अमक्याने तिला हात लावू नये, असा. मी नियम लिहिला की या जातीची चिप दिसली तर पट्टीच्या प्रोग्रामने ती सोडून द्यावी. केबल लावली. चिप आली आणि टिकली. मी खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात रेवती म्हणाली, “ताई, पट्टी गेली.”

तिच्या पट्टीच्या पोटातही तीच चिप होती. स्वस्त आणि मस्त, म्हणून सगळे तीच वापरतात. माझ्या नियमाने प्रिंटर वाचवला आणि पट्टी मारली. महागड्या चिपांना आपापला नंबर असतो, त्यावरून एक दुसरीपासून वेगळी ओळखता येते. या चिपेला नंबरही नव्हता. दोन जुळ्या बहिणी, दोघींचं नाव एकच.

दुपारी मंडलोईजी पुन्हा डोकावले. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, एक तर चालू आहे ना, तेवढं पुरे. चिडून नाही, दमून म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या आयुष्यात मी कितीतरी गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं, एवढ्यावर भागवा. पण त्या दिवशी मला ते सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही चालतील, सर. कसं ते अजून मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी स्वयंपाक करताना सुचलं. जुळ्या बहिणी दिसायला सारख्या असल्या तरी एका वेळी एकाच दाराने येतात. कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीची भोकं असतात आणि लिनक्सला प्रत्येक भोक वेगळं ओळखता येतं. चिप कोणती हे विचारायचंच नाही. ती कोणत्या भोकातून आली ते विचारायचं.

रविवारी सकाळी पहिला नियम काढून टाकला आणि नवीन लिहिले. मागच्या बाजूच्या सगळ्यात खालच्या भोकातून जे येईल ते प्रिंटर, त्याला कोणी हात लावायचा नाही. पुढच्या बाजूच्या भोकातून येईल ती पट्टी, ती पट्टीच्या प्रोग्रामची. त्या प्रोग्रामलाही बजावलं की पुढचं भोक सोडून दुसरीकडे शोधायला जायचं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. दोन्ही केबली लावल्या. रेवतीच्या बोटांखाली पट्टी उठली. पडद्यावर प्रिंटरची चिप आली आणि तिथेच राहिली.

मी चार ओळींचं एक पान पाठवलं. प्रिंटर खडखडला. वसतिगृहाकडून मुलींचा गलका ऐकू आला, त्यांना आवाज पोचला होता. रेवतीने कागद हातात घेतला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

“ताई, हे मराठी नाही. हिंदी नाही. गणित पण नाही.”

ही चूक मला माहीत होती आणि अगदी खरं सांगायचं तर ती भेटल्याचा मला आनंद झाला. कॉम्प्युटर ज्या वेगाने बोलत होता त्या वेगाने प्रिंटर ऐकत नव्हता. असं झालं की अक्षरं एकमेकांत घुसतात आणि भलतेच ठिपके उठतात. वेग जुळवला. मग पहिलं पान बरोबर आलं आणि दुसऱ्या पानावर ओळी गळायला लागल्या, कारण प्रिंटर “थांब, माझे हात भरलेत” म्हणत होता आणि कॉम्प्युटर ऐकून घेत नव्हता. ते ऐकायलाही शिकवलं. त्यानंतर रेवतीने आख्खा पेपर पट्टीवर एकदा आणि छापलेल्या कागदावर एकदा, शेजारी शेजारी ठेवून, दोन हातांनी वाचला. सगळं जुळलं.

एक भीती मला उरली होती. उद्या कोणी झाडताना केबल काढली आणि दुसऱ्या भोकात लावली तर सगळं पुन्हा बंद पडेल. मी म्हटलं, इथे एक चिठ्ठी चिकटवू. मग लक्षात आलं की मी चिठ्ठी लिहिली तर ती वाचणार कोण. रेवतीने तिच्या ब्रेल टोचायच्या पाटीवर दोन छोट्या चिठ्ठ्या टोचून दिल्या, एकीवर प्रिंटर, एकीवर पट्टी, आणि मी त्या भोकांच्या कडेला चिकटवल्या. माझ्या कामावर लावलेली ती सूचना मला स्वतःला वाचता येत नव्हती. पुढे कितीतरी वर्षं तिथे जात राहिले, ब्रेल शिकायचं ठरवत राहिले आणि शिकले नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

रविवारी दुपारभर प्रिंटर चालला. सगळ्या मुलींसाठी सगळी पानं छापून झाली. कविता दोनदा दारात आली, पण पेपर तिचाच असल्यामुळे रेवतीने तिला हाकलून दिलं.

कविता पुढे दहावीला गणित घेऊन बसली आणि बऱ्यापैकी पास झाली, तिच्या वर्गातल्या आणखी तिघींनीही गणित घेतलं, हे आताच सांगून टाकते. मंडलोईजींनी शब्द पाळला. प्रिंटर अजून चार वर्षं चालला आणि मग त्याच्या हातोड्या झिजल्या, सुटे भाग मिळाले नाहीत. रेवतीने देणग्या मागून दुसरा मिळवला. ही सगळी नंतरची गोष्ट. मला सांगायचंय ते सोमवारचं.

सोमवारी मी गेले होते, आयत्या वेळी एखादं पान कमी पडलं तर असावं म्हणून. वर्गाच्या दाराबाहेर बाकावर बसले होते. मंडलोईजी माझ्या शेजारी, काठी दोन्ही हातांत धरून. आत मुली वाचत होत्या. ब्रेल वाचण्याचा आवाज मी तोवर कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. कोरड्या कागदावर बोटं सरकतात तो, अगदी बारीक, आणि सगळ्यांचा मिळून एक.

थोड्या वेळाने कविताने हात वर केला. रेवतीला तो दिसणार नव्हता, म्हणून कविता उभी राहिली आणि म्हणाली की पाँचवें सवाल में गड़बड़ है.

 ठिपके गळाले, मला वाटलं. कॉम्प्युटरने पुन्हा ऐकलं नाही. मी आत जायला उठले, मंडलोईजीही उठले. रेवती कविताच्या बाकापाशी पोचली होती.

रेवतीने विचारलं, काय गडबड आहे.

कविता म्हणाली की प्रश्नात त्रिकोणाचे दोन कोन दिलेत, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव, तिसरा काढायचा आहे. दोघांची बेरीजच एकशेऐंशी होते. “तीसरे के लिए कुछ बचता ही नहीं, मैडम. त्रिकोण बनेगा ही नहीं.”

“ठीक से पढ़ा? फिर से देख लो.”

“चार बार पढ़ा,” कविता म्हणाली. “हाथ के नीचे है. मैंने गलत नहीं पढ़ा. सवाल गलत है.”

रेवतीने तिच्या कागदावर बोट ठेवलं. ओळ वाचली. मग शेजारच्या मुलीच्या कागदावर तीच ओळ वाचली. मी दारात उभी राहून वाट बघत होते की ती माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, ताई, मशीन. ती वळली नाही. ती सरळ उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला म्हणाली की पाचवा प्रश्न चुकलाय, चूक माझी आहे, टाइप करताना आकडे उलटे झाले, पंच्याऐंशी नाही, अठ्ठावन्न. सगळ्या बाकांवर बोटं मागे पाचव्या प्रश्नावर गेली.

मंडलोईजींनी मला हळूच विचारलं की मशीन बरोबर आहे ना. मी म्हटलं, मशीनने जे दिलं तेच छापलं. ते मान हलवत परत बाकावर बसले आणि बराच वेळ त्या मुलीकडे बघत राहिले.

रेवती दारापर्यंत आली. मला वाटलं ती खजील झाली असेल, आदल्या दिवशी दोन हातांनी तपासलेला पेपर. तिचा चेहरा वेगळाच होता. आवाज वर्गात जाऊ नये म्हणून ती माझ्या अगदी जवळ येऊन बोलली.

“इतकी वर्षं माझ्या पेपरांत चुका नव्हत्या असं नाही, ताई. मुलींना वाटायचं आपणच नीट ऐकलं नाही.”